बोलता संगणक

पक्षाघाताने नवऱ्याची, श्रीपादची वाचा गेली, तेव्हा त्याच्यासाठी स्वस्तात बोलता संगणक उभा करायचा अनघाने चंगच बांधला. भावाच्या जुन्या संगणकाला झेपेल असं लिनक्स हे हलकं, फुकटचं सॉफ्टवेअर तिने निवडलं. त्याच्याशी जुळणाऱ्या साउंड कार्डासाठी दुकानं पालथी घातली.

"वहिनी, हे मराठी बोलणार?" दुकानदार हसला.

"बोलतं करीन मी," ती म्हणाली. आणि केलंच.

वर्षभर श्रीपाद मुकाट तिच्याकडे बघायचा. त्या नजरेत तिला मायाच दिसत आली होती. दुपारी जेवण झाल्यावर कीबोर्ड त्याच्यापुढे सरकवताना तिचे डोळे भरून आले. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत त्याने वाक्य पुरं केलं.

"आमटी रोज खारट असते," संगणक बोलला.

ताट उचलून अनघा उठली. श्रीपादने आवाज वाढवून तेच पुन्हा ऐकवलं.