ज्वारीतला माणूस

“यजमानांविषयी जरा बोलायचंय, समक्ष या,” एवढंच बोलून विजयमालाबाईंनी फोन ठेवला. श्यामलाबाईंनी हार्मोनियमचा भाता बंद केला. कधीतरी हे होणारच होतं.

वारज्याच्या त्या सामायिक शेतात कोथरूडची रिकामी माणसं रविवारी श्रमदानाला जात. अनंतरावही जात. गेल्या रविवारी त्यांनी गवत समजून कोथिंबिरीचा अख्खा वाफा उपटला होता. त्याआधी पालकात पाणी सोडून ते गप्पा मारत बसले होते आणि पालक वाहून गेला होता.

पण श्यामलाबाईंना रविवार हवा होता. तपासणी अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यापासून अनंतराव स्वयंपाकघर तपासत होते. मोहरी केव्हा घालावी, झाकण किती तिरकं ठेवावं, सगळ्यावर त्यांचं भाषण असे. रविवार तेवढा शांत जाई, आणि वाजवणं व्हायचं तेही तेवढंच.

त्यांनी बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि रिक्षा केली.

शेत सांभाळणाऱ्या विजयमालाबाई फाटकातच उभ्या होत्या. श्यामलाबाईंनी डबा पुढे केला. यांना शेतीतलं काही कळत नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. कोथिंबीर भरून देते म्हणाल्या. हवं तर यांच्या वाटचं काम मी येऊन करीन, पण यांना घरी पाठवू नका.

विजयमालाबाईंनी डबा उघडून लाडू पाहिले. “आपण आधी आत या.”

ज्वारी हुरड्याला आली होती. मधोमध अनंतराव हातवारे करत उभे होते. बांध कुठे चुकला, महापालिका कुठे चुकली, हे ते राखणदार दादामियाँना खणखणीत आवाजात समजावत होते. दादामियाँ मान डोलवत होते. अनंतराव आले की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत. वर पोपटांचा थवा घिरट्या घालत होता; पण एकही खाली उतरत नव्हता.

“शेजारच्या रानात कणसाला दाणा उरला नाही,” विजयमालाबाई म्हणाल्या. “आम्ही डबे वाजवले, फटाके लावले. पोपट दोन दिवसांत सरावले. यांना काही सरावत नाहीत.”

“आम्हीही नाही सरावलो,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“म्हणून विचारायचं होतं. ज्वारी निघेपर्यंत रोज पाठवाल का? अख्खा दिवस? डबा आम्ही देऊ.”

श्यामलाबाईंनी वर पोपटांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, ज्वारी निघाल्यावर इथे काय लावता?

“भेंडी.”

“भेंडीवर पोपट येतात?”

“छे.”

“मग सूर्यफूल लावा,” श्यामलाबाई म्हणाल्या. “बियाणं मी देते.”