बाकी सात

सहा वर्षं झाली, गणिताचे निवृत्त मास्तर दर सोमवारी पोलीस ठाण्यातल्या त्याच बाकावर येऊन बसत. नंबर आला की पावतीकडे न बघताच खिडकीतून उत्तर यायचं, “तपास चालू आहे, मास्तर.”

या सोमवारी रांग काही हलेना. मास्तरच ते, डोक्याला चैन पडेना. चाळा म्हणून त्यांनी शेजारच्या बाईंच्या पावतीवरचा आठ आकडी तक्रार क्रमांक भागून पाहिला. अकराने पूर्ण भाग गेला. पलीकडच्या आजोबांच्या क्रमांकालाही गेला. मग त्यांनी अख्ख्या बाकाच्या पावत्या मागून घेतल्या. एकूणएक क्रमांकाला अकराने भाग जात होता! मास्तर खुलले. शेवटचा आकडा मशीनच जुळवून देत असणार, म्हणजे कुणी मनानेच क्रमांक ठोकून दिला तर लगेच उघडं पडावं.

मग त्यांनी स्वतःची पावती उलगडली. त्या दिवशी मशीन बंद होतं, म्हणून क्रमांक हाताने लिहून दिला होता. ४०७३१८५२. बाकी सात. त्यांनी पुन्हा भागलं. सातच.

खिडकीत आज नवा कारकून होता. मास्तरांनी पावती खिशातच ठेवली.

“नवी तक्रार लिहून घ्या. माझी मुलगी बेपत्ता आहे.”

“कधीपासून?”

“सहा वर्षं झाली.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं.

“सहा वर्षं? अहो, बाप ना तुम्ही? मग इतकी वर्षं काय झोपा काढत होतात?”