हिवाळ्यासाठी बारा कुंड्या

"हे झाड नव्हे, हे लाडावलेलं पोर आहे," असे म्हणून तपासनीसांनी शेवंतीची कुंडी परत फळीवर ठेवली. "पहिल्याच थंडीत मान टाकेल."

"काकूंना आवडली म्हणून दाखवली," नर्सरीवाला म्हणाला.

"काकूंना फुलं दिसतात. मुळं कोण बघणार?"

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागे एका पालथ्या बादलीवर बसून गुडघा चोळत होत्या.

यंत्रांच्या कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात काढलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतरही तपासनीसच राहिले होते. शेजारीपाजारी त्यांना याच नावाने ओळखत. गच्चीसाठी झाडे निवडायची म्हणून त्यांनी घरून तक्ता आखून आणला होता. थंडी सोसण्याची ताकद, वाऱ्यापुढचा टिकाव, हिवाळाभर राहणारा रंग. प्रत्येकाला दहापैकी गुण. सातच्या खाली नापास. अर्ध्या तासात निम्मी नर्सरी नापास झाली. अखेर चार मोरपंखी, चार आयव्हीचे वेल आणि जांभळ्या पानांचे चार शोभेचे कोबी उत्तीर्ण ठरले.

"कोबी, आणि नुसता बघायचा?" काकूंनी विचारले.

"तुझ्यासाठी भाजी नेत नाहीये. आणि ऐकून ठेव, पाणी मीच घालणार. तुझा हात सैल आहे."

या खरेदीमागे एक पैज होती. आठवड्यापूर्वी मुलगा येऊन गेला होता.

"बाबा, तीन जिने आता पुरे झाले. आईचे गुडघे बघा. आमच्या तळमजल्यावरची खोली तुमच्यासाठी मोकळी ठेवलीय."

"तळमजला म्हणजे ओल. ऊन तरी येतं का?"

"दहापर्यंत येतं."

"दहापर्यंत! आणि नळाला गरम पाणी?"

"दिवसभर."

"चैन आहे," तपासनीस तुच्छतेने म्हणाले. "आम्ही काय मोडीत निघालोय? ज्याला बारा कुंड्या हिवाळाभर जगवता येतात, त्याला घर चालवता येतं. हिवाळ्याच्या शेवटच्या रविवारी ये. एक जरी झाड वाळलेलं दिसलं, तर एक शब्द न बोलता सामान बांधीन."

मुलाने आईकडे पाहिले. आईने कपबश्या उचलल्या.

तिसऱ्या आठवड्यात पहिली मोरपंखी तपकिरी पडू लागली. तपासनीस दुपारी वाचनालयात गेले होते. काकू कठड्याला धरून बराच वेळ त्या झाडाकडे पाहत राहिल्या. नुसते गप्प बसले की झाले, जिने कायमचे सुटणार होते. मग त्यांनी आत जाऊन नर्सरीवाल्याला फोन केला.

तो धापा टाकत वर आला आणि त्याने झाड उपसून पाहिले. "ही थंडीनं मरणारी जात नाही, काकू. काकांनीच पाण्यात बुडवलं असणार. मोठे तज्ज्ञ!"

"तज्ज्ञ कसले, हट्टी आहेत. तेवढ्याच उंचीचं दुसरं द्या. दर रविवारी पट्टी लावून वहीत लिहितात."

"मग मरू द्या की. तुमचे जिने तरी सुटतील."

"हरलेला माणूस घरात सांभाळला नाहीत तुम्ही कधी. तिथं जाऊन सुनेचा एकेक नळ नापास करतील आणि कुढत बसतील. त्यापेक्षा जिने परवडले."

त्या हिवाळ्यात काकूंनी अशी सतरा झाडे बदलली. कधी कोबी, कधी वेल. एक सावरावे तोवर दुसरे मान टाकी. वाचनालयाच्या वेळेत नर्सरीवाला येई. त्या शिवणाच्या टेपने जुने झाड मोजत, नवे मोजत, सांडलेली माती पुसत आणि मनातल्या मनात नवऱ्याला नावे ठेवत. चौतीस वर्षे लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपल्या डोळ्यांसमोर सतरा झाडे बदललेली कळू नयेत, याचे त्यांना हसू येई आणि रागही.

तपासनीस परत आले की आधी गच्चीवर जात. एखादे पान चिमटीत धरून चुरत, हुंगत आणि पुन्हा निरखत. एकदा एक मोरपंखी बोटभर उंच आली. त्यांनी ती दोनदा मोजली आणि वहीत लिहिले: वाढ, दोन सेंटीमीटर.

"पाहिलंस? निवड म्हणतात याला," ते म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. थंडी बाधली असेल, असे काकूंना वाटले.

शेवटच्या रविवारी मुलगा आला. त्याने कुंडी न् कुंडी वाकून पाहिली. बाराच्या बारा झाडे टवटवीत होती.

"मानलं बाबा तुम्हाला. आता हा विषय पुन्हा नाही काढणार. माझ्या सासूबाई त्या खोलीसाठी केव्हापासून विचारताहेत. त्यांना आजच होकार कळवतो."

तपासनीसांनी हातातली वही मिटली. "कळव की," ते म्हणाले. "आमचं काय अडलंय?"

मुलगा निघाला. तिन्ही जिन्यांवरची त्याची पावले विरेपर्यंत दोघे गच्चीवर उभे होते. आता निवडीवरचे व्याख्यान सुरू होणार, म्हणून काकूंनी खुर्ची ओढून घेतली. पण तीत तपासनीसच बसले. चौतीस वर्षांत एखाद्या सदोष मालाकडेही त्यांनी पाहिले नसेल, इतक्या तिरस्काराने ते कुंड्यांकडे पाहत होते.

"उकळतं पाणी ओतलं गं," ते म्हणाले. "तू अंघोळीला गेलीस की एकेकीच्या मुळाशी, हिवाळाभर. मरायला काय झालं होतं यांना?"