त्यांना सांगा

"त्यांना सांगा, एका मुहूर्तावर एकच लग्न घ्यायचं," थोरले भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले.

"त्यांना सांगा, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही," शेजारच्याच खुर्चीतून धाकटे म्हणाले. तेही माझ्याकडेच बघत.

लग्नाचा बँड दोघांचा, पण कित्येक वर्षं अबोला. वरातीत खांद्याला खांदा लावून वाजवायचे, बोलायचे मात्र थोरल्या वहिनींमार्फत. मी आले होते बुकिंगचं सॉफ्टवेअर करायला, आणि वहिनी चहा टाकायला गेल्यामुळे निरोप्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

दोघांच्या मागण्या मी लॅपटॉपमध्ये भरल्या आणि एकमेकींना छेद देणाऱ्या मागण्या शोधणारा प्रोग्राम चालवला. पहिल्याच दोन ओळी लाल झाल्या.

"या दोन्ही एकत्र नांदणार नाहीत. एकच ठेवा," मी म्हणाले.

"नाहीच नांदणार!" थोरले गर्रकन धाकट्यांकडे वळले. "त्या वैशाखात दोन लग्नं कुणी घेतली रे? सगळे ट्रम्पेटवाले तू नेलेस, आणि नवरदेवापुढं मी खुळखुळा वाजवत गेलो!"

"आणि ढोल कुणी नेला, दादा? माझ्या वरातीत घोडंसुद्धा नाचलं नाही!"

आवाज चढत गेले. मी घाबरून लॅपटॉप मिटायला लागले, तोच चहा घेऊन आलेल्या वहिनींनी माझा हात धरला.

"मिटू नकोस गं," त्या कानाशी कुजबुजल्या. "निरोप सांगून सांगून जीभ झिजली माझी. बघ ना, आणखी एखादी लाल ओळ सापडते का."