पाठमोरी वरात

आमच्या हिदाच्या डोंगरात नवरीची गाडी कधी मागे घेत नाहीत. घेतली, तर नवरी माहेरी परतते म्हणे. आणि आमच्या लग्नाच्या दिवशी माझी चिमुकली मोटार किनुएच्या घरामागच्या बर्फाळ चढावर जागीच चाकं फिरवत होती. "रोकुरो, मोटार आहे की चहाचा डबा?" मागच्या सीटवरून माझी आत्या कडाडली. उपाय मला ठाऊक होता, बोलायचा धीर नव्हता. शेवटी चाचरत म्हणालो, "हिला पुढची चाकं ओढतात. पाठमोरी चढवली, तर भार त्यांच्यावर येईल." "पाठमोरी? नवरीला घेऊन?" पांढऱ्या किमोनोतली किनुए म्हणाली, "आत्याबाई, सासरीच चाललीय ना? मग तोंड कुठेही असो." धक्का द्यायला आलेल्या मेव्हण्यांनी मिळून हलकी गाडी आत्यासकट उचलून वळवली. ती सरसर चढू लागली. समोरच्या काचेतून खाली घराशी हात हलवणारे किनुएचे आईबाबा दिसत राहिले. किनुए हसली, "हळू चालवा हं. इतका वेळ माहेर कुठल्या नवरीला दिसतं?"