महानंदाक्काचा थर

"काका, फोटोतून काढलेलं माणूस जातं कुठं?"

प्रणितानं विचारून टाकलं. बाहेर पायरीवर शिवानी आणि ऋतुजा तोंडाला ओढणी लावून हसू दाबत होत्या. विचारलंस तर बर्फाचा गोळा आमच्याकडून, अशी पैज होती. दहावीत गेल्यापासून प्रणिता कुठल्याच पैजेला मागं सरत नव्हती.

केदारनाथकाकांनी मान वर केली नाही. वडवणीत कॉम्प्युटर असलेला फोटो स्टुडिओ त्यांचाच. इथंच तीन वर्षांमागं प्रणिताच्या घरातल्या फोटोत चौघांचे तिघं झाले होते. थोरल्या महानंदाक्कानं मेंढरंवाल्या म्हाळूच्या सोमनाथशी लग्न लावलं आणि आठ दिवसांत ती भिंतीवरून गेली. "या घरात तिचं नाव निघायचं न्हाई," असं अण्णा भावकीपुढं बोलले होते. बोलले ते बोलले. तसे ते दुकानात कमी बोलत आणि घरात त्याहून कमी. आई दर सोमवारी महादेवाला म्हणून एकटीच जायची आणि डोळे लाल करून यायची.

अक्का कुठं राहते, एवढंच प्रणिताला हवं होतं. तेवढंच कुणी सांगत नव्हतं.

"कुठंबी जात न्हाई," काका शेवटी म्हणाले. "आतच असतं. बस हितं."

त्यांनी कॉम्प्युटरवर प्रणिताच्या घरचा तोच फोटो उघडला.

"आधी फोटो म्हंजी एकच कागद. एक माणूस कापलं की भोक. आता हरेक माणूस आपापल्या थरात. काचा एकावर एक ठेवल्यावानी. एकच काच कापायची, बाकीच्यांना धक्का न्हाई."

थरांच्या यादीत दिसणाऱ्या थरापुढं डोळ्याचं चित्र होतं, एका नावापुढं मात्र नव्हतं. काकांनी तिथं टिचकी मारली.

आई आणि अण्णांच्या मधी अक्का उभी राहिली. पण तीन वर्षांपूर्वीची, दोन वेण्यांची नाही. हिच्या कडेवर लेकरू होतं.

"हा तर नवा फोटो हाय. कुणी दिला?"

"दर दिवाळीला येतो. ह्या फोटोत बसवायचा, आणणाऱ्याचं बघून झालं की झाकायचा. नाव सांगायचं न्हाई, असा वायदा हाय."

"आईच असंल."

"मला कावून भांडणात घालतीस, पोरी?"

तेवढ्यात पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक आलं आणि काका आतल्या खोलीत गेले. प्रणितानं माऊस धरला. अक्काचा थर खांद्यापाशी सरळ कापलेला होता.

"काका, थराचा कापलेला तुकडाबी आतच असतो का?"

"पुसला नसंल तर असतोय," आतून आवाज आला.

तिनं कड धरून हळूच बाहेर ओढली. अक्काच्या मागं गिरणीची पाटी दिसली, तिच्यावर चौसाळा लिहिलेलं. मग बाज. बाजेवर कुणीतरी बसलेलं, लेकराकडं हात पसरून, तोंडभर हसत. प्रणितानं नाक कॉम्प्युटरच्या काचेला लागेस्तोवर वाकून पाहिलं. हे माणूस असं हसतं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं कड जिथल्या तिथं नेऊन ठेवली.

"काय म्हणले गं?" ती बाहेर येताच ऋतुजानं गोळा पुढं केला.

"आतच असतं म्हणले."

"आन तू अशी कावून झालीस?"

"लई थंड हाय," प्रणिता म्हणाली. गोळा अजून तोंडाला लागला नव्हता.

रात्री जेवताना आई भाकरी वाढत होती.

"कुठं गेलतीस गं इतका वेळ?"

"शिवानीकडं."

अण्णांनी ताटात पाणी घेऊन हात धुतला. "उद्या बीडला मालाला जायचंय," ते आईला म्हणाले. "डबा लवकर बांध. यायला सांज होईल."

"डबा तिघांचा बांध, आई," प्रणिता म्हणाली. "अण्णा, उद्या तुमच्यासंगं चौसाळ्याला अक्काकडं मी येणार हाय, आन या खेपंला आईलाबी न्यायचंय."