दुखण्याचा आकडा

सिझरच्या दुसऱ्या दिवशी बाई पोट धरून वाकलेली असते, आणि शून्य ते दहात दुखणं किती विचारलं की म्हणते, "दोन." दामिनी सिस्टरच्या डोक्यातून हे जाईना. तिने वहीत दोन रकाने आखले. प्रत्येकीला एकदा सासूसमोर विचारायचं, एकदा सासूला पाणी आणायला पाठवून. आठ दिवस सासूसमोर दोन-तीन, सासूमागे आठ-नऊ.

आज दिपालीने हळूच "नऊ" म्हटलं. दामिनीने लिहून मान वर केली, तर दिपालीची सासू जयवंताबाई बाटली घेऊन दारातच उभी. आता तमाशा होणार! दामिनीने पटकन वही मिटली.



"मिटू नका, सिस्टर. माहा रोहित झाला तवा मले कोणी इचारलंच नाही. माहा बी लिहा, दहा."